रोज, संध्याकाळी साडेसातला

खोटं बोलायचंच असेल तर मोघम बोलावं, एवढं साधं व्यवहारज्ञान इन्स्पेक्टरांना पन्नाशी ओलांडूनही आलेलं नव्हतं. रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीला जरा थांबवून घेतलं आणि विचारलं, "आपण लुथरन लोक. घरच्या कर्त्याने मुलाबाळांना जवळ बसवून शिकवायचं, ही आपली जुनी रीत. आता खरं सांगा, किती घरांत रोज एकत्र प्रार्थना होते? वचन वाचलं जातं? दहा आज्ञा मुलांकडून पाठ करून घेतल्या जातात? हात वर करा."

तीन-चार हात अर्धवट वर गेले. अर्धवट हाताचा एक फायदा असतो. वेळ आली तर डोकं खाजवल्यासारखं करून तो खाली आणता येतो. इन्स्पेक्टरांचा हात मात्र थेट छताकडे गेला, कारण नेमकं त्याच वेळी पुढच्या बाकावरच्या, मंडळीच्या चिटणीसबाईंनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं होतं.

"रोज?" पाळकसाहेबांचा चेहरा खुलला.

"रोज," इन्स्पेक्टर म्हणाले. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण ते पुढे म्हणाले, "संध्याकाळी साडेसातला."

त्या साडेसातने घात केला. 'रोज' म्हणणारा माणूस थापाड्या असू शकतो, पण 'साडेसात' म्हणणाऱ्यावर जग विश्वास ठेवतं.

हे इन्स्पेक्टर म्हणजे लिफ्टचे इन्स्पेक्टर. हा खुलासा त्यांना आयुष्यभर करावा लागला होता. 'इन्स्पेक्टर' ऐकताच समोरचा सावरून बसे आणि 'लिफ्टचे' ऐकताच पुन्हा सैल होई. पण आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि तो खराही होता. एकोणतीस वर्षांत, स्वतः लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आणि वर मोटारीच्या खोलीत चढून पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही दाखल्यावर सही केली नव्हती. असा माणूस देवाच्या घरात, शंभर माणसांदेखत, न पाहिलेल्या लिफ्टचा दाखला देऊन बसला होता.

कारण संध्याकाळी साडेसातला त्यांच्या घरी जे चालायचं त्याला प्रार्थना म्हणणं कठीण होतं. त्यांची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचून ती सातला घरी यायची आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून डोळे मिटायची. डोळे मिटलेले असत एवढंच काय ते प्रार्थनेशी साम्य. पंधरा वर्षांची थोरली फोन घेऊन न्हाणीघरात अदृश्य झालेली असायची. आठ वर्षांची धाकटी जमिनीवर पालथी पडून गृहपाठाशी झटत असायची. सासरे, म्हणजे निवृत्त मालगाडी गार्ड, रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत असायचे. आणि घरचा कर्ता बनियनवर उभा राहून फ्रिजमध्ये काहीतरी शोधत असायचा. काय, ते त्यालाही ठाऊक नसायचं.

"फार छान," पाळकसाहेब म्हणाले. "मग असं करू. तीन आठवड्यांनी शुक्रवारी पाच-सहा कुटुंबं तुमच्याकडे घेऊन येतो. कशी करता ते सगळ्यांना बघू दे. पाहिल्याशिवाय माणूस शिकत नाही."

चिटणीसबाईंनी लगेच ते इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेतलं. त्या वहीत एकदा गेलेली गोष्ट परत येत नसे. तीन पाळक आले आणि गेले, पण बाईंची वही जागची हलली नव्हती.

घरी पोचल्यावर दाराचं कुलूप काढता काढता बायको म्हणाली, "साडेसातला मी कुठे असते?"

"तीन आठवडे आहेत ना हातात," इन्स्पेक्टर म्हणाले. "आजपासून रोज सुरू करायचं. शुक्रवारपर्यंत ते खरंच रोजचं झालेलं असेल. मग खोटं कुठे उरलं?"

"म्हणजे आधी सही आणि मग तपासणी," बायको म्हणाली आणि आत गेली. हे वाक्य त्यांना फार लागलं. बायकोशी भांडता येतं, पण स्वतःच्याच नियमाशी कसं भांडणार?

पहिल्या संध्याकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शोधण्यातच वीस मिनिटं गेली. ते सापडलं तेही कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि उघडताच त्यातून मिक्सरचं वॉरंटी कार्ड, दोन्ही मुलींच्या लशींची पत्रकं आणि गॅसची पावती असा ऐवज बाहेर आला. "हे पाच वर्षं शोधतेय मी," बायको म्हणाली आणि वॉरंटीची तारीख बघत बसली. ती चार वर्षांपूर्वीच संपली होती.

वाचन कसंबसं झालं. मग इन्स्पेक्टरांनी मानाने सासऱ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. ही त्यांची दुसरी चूक. माणूस छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलेला. बोलायला कोणी नाही, आणि घाई तर नाहीच. त्यांची प्रार्थनाही मालगाडीसारखीच निघाली. एक डबा गेला की दुसरा. जगातले राजे, मग मंत्री, मग रेल्वेचे अधिकारी, सिग्नलवाले, सांधेवाले, फाटकावरचे पहारेकरी, ते फाटक उघडण्याची वाट बघणारे लोक. मध्येच गाडी थांबे. सगळ्यांना वाटे आता आमेन, तोच झटका बसून गाडी पुन्हा सुरू. गॅसवरची भाजी करपली. धाकटी 'आमेन' ऐवजी घोरली. थोरलीने एक डोळा उघडून फोनवर संपूर्ण संभाषण उरकलं.

"मामा, उद्या थोडक्यात करू या का?" इन्स्पेक्टर नरमाईने म्हणाले.

"जावईबापू, कोणाला वगळू ते सांगा," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तरी जेवढे सल्ले मिळत नाहीत तेवढे तो धार्मिक झाल्याचं कळल्यावर मिळतात. ऑफिसातला सहकारी म्हणाला, घंटी ठेवा, शिस्त लागते. घंटी ठेवली. ती वाजली की सासरे सवयीने उठून उभे राहायचे आणि खिशात शिट्टी चाचपायचे. भाजीवाली म्हणाली, मुलांना बक्षीस द्या. बक्षीस म्हणून चॉकलेट ठेवलं, तर धाकटी प्रार्थनेत दोनदा भाग घ्यायला लागली.

मग वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले आले. ते चष्म्याचं दुकान चालवायचे आणि दुसऱ्या पंथाच्या मंडळीत जायचे. गावात दोन्ही मंडळ्यांचं बरं होतं, म्हणजे एकमेकांच्या लग्नाला जायचे आणि घरी येऊन एकमेकांच्या गाण्याला नावं ठेवायचे. चष्मेवाल्यांनी मोठ्या मनाने दहा आज्ञांचा छापील तक्ता आणला. "आमच्या मुलांनी यावरूनच पाठ केल्या," ते म्हणाले. "तुमच्याकडे हे सगळं जरा मागे पडलं असेल, पण हरकत नाही." तक्ता त्यांच्या धंद्याला शोभेलसा होता. समोरच्या इमारतीतूनही वाचता आला असता. तो भिंतीवर लावल्यावर घड्याळ आणि दिव्याची दोन बटणं त्याच्या मागे गेली, आणि त्या दिवसापासून घरात दिवा लावायचा तर चौथ्या आज्ञेच्या खाली हात घालावा लागे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आज्ञा दहाच, शब्दही तेच, पण मोजायची पद्धत सगळीकडे एक नाही. मूर्तीची बाब लुथरन लोक पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभाच्या दोन आज्ञा करतात. चष्मेवाल्यांच्या मंडळीत मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी. त्यामुळे पुढच्या बहुतेक आज्ञा एकेक मजला वर सरकतात. काही इमारतींत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तसंच. ही भानगड लिफ्टच्या माणसाच्या तरी लक्षात यायला हवी होती. पण इन्स्पेक्टरांनी आज्ञा पाठ केल्या त्याला अडतीस वर्षं झाली होती. सासरे तक्त्याकडे पाठ करून बसायचे. थोरली दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीची पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीच्या, वर्गाला जात होती, तिला पहिल्याच दिवशी चूक दिसली होती. पण तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगण्याचं तिचं वय नव्हतं.

धाकटीने मात्र चार दिवसांत तक्ता नंबरांसकट तोंडपाठ केला. "आठवी?" विचारलं की "चोरी करू नको." "नववी?" "खोटी साक्ष देऊ नको." ती इतक्या झपाट्याने बोलायची की इन्स्पेक्टरांचा ऊर भरून यायचा. अर्थ विचारला की मात्र त्यांची बोबडी वळायची, कारण कर्त्याने अर्थ सांगायचा ही रीत आणि कर्त्याला तो येत नव्हता. दुपारी मोटारीच्या खोलीत, तेलाच्या वासात उभं राहून, ते संध्याकाळच्या अर्थाची तयारी करायला लागले. एकदा एका वॉचमनने त्यांना मोटारीला "लोभ म्हणजे काय?" असं विचारताना पाहिलं आणि तो दोन दिवस त्यांना टाळत होता.

आता सांगायला हरकत नाही, दहाव्या-बाराव्या दिवशी घरात काहीतरी बदललं. बायको आधीची बस पकडून साडेसहालाच घरी यायला लागली. बादली तिथेच, पण डोळे उघडे. एका संध्याकाळी थोरली न विचारताच म्हणाली, "माझी मैत्रीण बोलत नाहीये माझ्याशी. तिच्यासाठी कोणीतरी करा ना." सासऱ्यांनी त्या दिवशी सिग्नलवाल्यांना थांबवून आधी तिच्या मैत्रिणीचा डबा जोडला. थोरली खाली मान घालून रडली, आणि तिला रडताना पाहिलं त्याला तीन वर्षं झाली होती हे इन्स्पेक्टरांना त्या क्षणी आठवलं. त्यांना फार बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं. एवढी चांगली गोष्ट थापेच्या पायावर उभी होती.

शेवटच्या आठवड्यात संकटांनी रांग लावली. त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टची वार्षिक तपासणी नेमकी सोमवारी आली. ब्रेकची पट्टी झिजलेली निघाली. इन्स्पेक्टरांनी लिफ्ट बंद केली, दाराला सील लावलं आणि खाली सही केली. सोसायटीचे सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहायचे, ते खालून जिने चढत धापा टाकत इन्स्पेक्टरांच्या दारात आले.

"पाच दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? शनिवारी माणूस येणारच होता दुरुस्तीला."

"माझ्याकडून खोटा दाखला निघणार नाही," इन्स्पेक्टर बाणेदारपणे म्हणाले. आतून बादलीतलं पाणी डचमळल्याचा आवाज आला. बायकोचं तेवढं डचमळणं पुरेसं होतं.

सेक्रेटरींनी उट्टं काढलं. त्यांनी नियमावली उघडून दाखवली की घरात बाहेरची पंधराहून जास्त माणसं जमणार असतील तर सात दिवस आधी अर्ज हवा. उरले होते चार. अर्ज केला तर मुदतीबाहेरचा म्हणून नामंजूर, न केला तर नियमभंग. शेवटी सेक्रेटरींनीच तोड काढली. दोन घरांत विभागून माणसं बसवली तर एका घरात पंधरा होत नाहीत. म्हणून निम्मी मंडळी समोरच्या घरात बसवून दोन्ही दारं उघडी ठेवायची असं ठरलं. चर्चच्या खुर्च्या आणायच्या तर त्याला चिटणीसबाईंचं पत्र लागे. ते पत्र मिळालं, पण त्यावर 'आदर्श कुटुंबाच्या कार्यक्रमासाठी' असं लिहिलेलं होतं. इन्स्पेक्टरांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर तो खिसा त्यांना जड वाटत राहिला.

बुधवारी संध्याकाळी धाकटी त्यांच्याजवळ येऊन बसली. "पप्पा, पाळकसाहेबांनी मला विचारलं की तुम्ही कधीपासून प्रार्थना करता, तर काय सांगू?"

"सांग, रोज करतो."

"रोज करतोच. पण आधीपासून का, असं विचारलं तर?"

इन्स्पेक्टरांनी चष्मा पुसला. "तर हो म्हणायचं."

तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "पण मग ती नववी?"

"ती कोर्टासाठी असते," इन्स्पेक्टर म्हणाले. "साक्षीदारांसाठी."

"अच्छा," धाकटी म्हणाली. तिला पटलं नव्हतं, पण पप्पांनी सांगितलं होतं. ती उठून गेली आणि इन्स्पेक्टर तिथेच बसून राहिले. ऑफिसात हाताखालच्या माणसाने खोटी सही केली असती तर त्यांनी त्याला घरी बसवलं असतं. इथे त्यांनी आठ वर्षांच्या पोरीला सही करायला लावली होती. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणाले, म्हणजे आणखी एक थाप.

शुक्रवारी बावीस माणसं चार मजले चढून आली. चिटणीसबाई तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून पाच मिनिटं उभ्या होत्या आणि वर पोचल्यावर त्यांनी वहीत पहिली नोंद लिफ्टविषयी केली. निम्मी माणसं समोरच्या घरात बसली, तिथून त्यांना फक्त सासऱ्यांची पाठ आणि बादली दिसत होती. बादली लपवायची राहून गेली होती. मधल्या जिन्यात सेक्रेटरी उभे राहून डोकी मोजत होते. चष्मेवालेही आपला तक्ता कसा काम करतो ते बघायला आले होते.

साडेसातला घंटी वाजली. सासरे उठून उभे राहिले, त्यांच्याबरोबर पाहुणेही उठले, मग सगळे बसले. इन्स्पेक्टरांनी वचन वाचलं. आवाज बरा लागला. पाळकसाहेब प्रसन्न होते. त्यांनी धाकटीला जवळ बोलावलं.

"आज्ञा येतात तुला?"

"सगळ्या. नंबरानेही येतात."

"अरे वा. मग आठवी सांग."

"चोरी करू नको," धाकटी ठणकावून म्हणाली.

खोलीत कुजबुज झाली. समोरच्या घरातून कोणीतरी "सातवी, सातवी" असं म्हणालं. चष्मेवाले म्हणाले, "आठवीच आहे, बरोबर सांगतेय मुलगी." त्यावर चिटणीसबाईंनी चष्मेवाल्यांकडे, मग तक्त्याकडे आणि मग इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. थोरली हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

पाळकसाहेब हसले. त्यांना राग वगैरे काही आला नव्हता. "अगं, हा तक्ता आपल्या मंडळीचा नाही. आपल्याकडे आठवी म्हणजे खोटी साक्ष देऊ नको. पण काय हो, इतकी वर्षं रोज पाठ होतात आणि कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" आणि त्यांनी सहज, अगदी प्रेमाने धाकटीला विचारलं, "बेटा, हा तक्ता कधीपासून आहे? तुम्ही कधीपासून करता प्रार्थना?"

धाकटीने पप्पांकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. तिने फ्रॉकची कड मुठीत धरली आणि तोंड उघडलं. ती सांगणार होती. पप्पांनी सांगितलं होतं तेच सांगणार होती, आणि तिला ते सांगायचं नव्हतं, हे जमलेल्या सगळ्यांत फक्त एकाला कळत होतं.

"थांब," इन्स्पेक्टर म्हणाले. "तू नको सांगू."

ते उभे राहिले. घसा साफ केला. "तीन आठवडे. त्याआधी एकदाही नाही. त्या रविवारी मी खोटं बोललो. आणि परवा हिलाही खोटं बोलायला सांगितलं. ते त्याहून वाईट."

समोरच्या घरातल्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे तिकडून "काय म्हणाले?" असं विचारणं झालं आणि जिन्यातल्या सेक्रेटरींनी ते खणखणीत आवाजात सांगितलं, "म्हणतात, खोटं बोललो." एवढी मानहानी एकदाच पुरली असती, पण ती दोन्ही घरांत विभागून झाली.

चिटणीसबाईंचं पेन वहीवर थांबलं होतं. "हे इतिवृत्तात कसं लिहू?"

"लिहा की आठवी आज्ञा अर्थासह शिकवण्यात आली," पाळकसाहेब म्हणाले. "आणि घरच्या कर्त्याने शिकवली." मग त्यांनी सासऱ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. आपल्याला कोणी सावध कसं केलं नाही, याची हळहळ पाळकसाहेबांना पुढची चाळीस मिनिटं वाटत राहिली असणार. जाताना बहुतेकांनी इन्स्पेक्टरांचा हात हातात घेतला, काहींनी घेतला नाही. चिटणीसबाई दारात थांबल्या, म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त रविवारीच होते. तीही नाताळच्या आसपास," आणि कठडा धरून जिना उतरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कोणी येणार नव्हतं. खुर्च्या परत गेल्या होत्या, तक्ता चष्मेवाले घेऊन गेले होते, लिफ्टची पट्टी बदलून झाली होती. इन्स्पेक्टर ऑफिसातून आले आणि बाहेरच्या खोलीत न जाता आत पलंगावर बसून बूट पुसत राहिले. एक बूट त्यांनी तीनदा पुसला. आता प्रार्थनेला या म्हणायचं तर कोणत्या तोंडाने म्हणणार? ते सगळं त्या शुक्रवारसाठी होतं आणि शुक्रवार होऊन गेला होता. मुलींच्या नजरेला नजर त्यांनी कालपासून दिली नव्हती.

पडदा सरकला. धाकटी आत आली.

"पप्पा, चला ना. मम्मी पाण्यात पाय घालून बसलीये, ताईने फोन ठेवलाय. आजोबांनी सुरू केलं तर मग संपणार नाही."

"आज तुमचं तुम्हीच करा," इन्स्पेक्टर बुटाकडे बघत म्हणाले. "अर्थ आजोबा सांगतील."

"अर्थ तुम्हीच सांगायचा," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातला बूट काढून खाली ठेवला. "नसेल येत तर येत नाही म्हणा. चालतं आम्हाला."